तिसऱ्या मागावरचा ताणा

७ जानेवारी १९५२, सोमवार

सुताच्या व्यापाऱ्यानं नव्या वर्षाची वही दिली. जाड पुठ्ठा, आत रेघा, पुठ्ठ्याला आतून कागद ठेवायचा खिसा. कमल म्हणाली, यात दूधवाल्याचे खाडे लिहा. म्हटलं, अगं, मोठी माणसं रोजनिशी लिहितात. ती हसली आणि आत गेली. हसू दे. नंदकुमार वकिलांनी परवा स्वतः होऊन सांगितलं की उन्हाळ्यात नगरपालिकेची निवडणूक लागली की आपल्या राजपुरा वॉर्डातून शालिग्रामभाऊंचंच नाव पुढे करायचं. उद्या लोक विचारतील, भाऊ, तुम्ही इथवर कसे आलात? मग दाखवायला काही पाहिजे की नाही?

तर आजची नोंद. घरामागच्या पडवीत आपले पाच माग. तिसरा माग साडेतीन वर्षं रिकामा पडला होता, त्यावर आज पुन्हा गनी बसला. अब्दुल गनी हा बाबांच्या वेळचा विणकर. अठ्ठेचाळीस साली हैदराबादची गडबड झाली, तेव्हा घाबरून थोरल्या भावाच्या मागे कराचीला पळाला. बायको हाजराबी आणि म्हातारी आई इथंच ठेवली, महिनाभरात बोलावतो म्हणाला. तिकडे गोदीवर पोती उचलत बसला. इकडे आई वारली, त्याला कळायला चार महिने लागले. आता तीन महिन्यांच्या परमिटवर आलाय आणि परत जायचं नाही म्हणतो.

परमिट २९ फेब्रुवारीपर्यंत आहे. कायमचं राहायचा अर्ज मुदतीच्या आत खंडव्याच्या कचेरीत पडला पाहिजे. वकील म्हणतात, एकदा अर्ज पडला की निकाल लागेपर्यंत पोलीस हात लावत नाहीत. गनी म्हणाला, "भाऊ, आपकी तो खंडवे में पहचान है." म्हटलं, आण इकडे कागद. लिहिलेला अर्ज आणि परमिट दोन्ही या वहीच्या खिशात ठेवलेत. परमिटावर गनीचा निळा अंगठा आणि सिंहांचा शिक्का. कमलनं पाहिलं तर म्हणते, हा वाघांचा कागद कोणाचा? अडाणी आहे झालं.

विणाईच्या भावाचं असं ठरलं की कागद होईपर्यंत लुगड्यामागे निम्मा. जोखीम शेवटी माझी आहे. गनी "जी, भाऊ" म्हणाला. घासाघीस नाही, तोंड वाकडं नाही. जुनी माणसं अशी असतात.

१९ जानेवारी, शनिवार

गनीची बोटं पोती उचलून सुजल्यासारखी झालीत, पण काठ भरायला बसला की काय सफाई! मी मागे उभा राहून पाहत होतो. लाल काठावरची जाई अशी उतरते की दुसऱ्याला नमुना कागदावर काढून दिला तरी जमायची नाही. रावेरचा व्यापारी कालच म्हणाला, आखाजीला असला माल जितका द्याल तितका उचलतो. आखाजीला आपल्याकडे लेकी माहेरी येतात, प्रत्येकीला लुगडं लागतंच. वर्षाचा सगळा धंदा त्या एका सणावर.

पहिल्या मागावरचा भाईदास मात्र आडवा लागला. हा आमच्या मागवाल्यांचा पुढारी. दुपारी भाकर खाता खाता म्हणतो, "शेठ, गनीले आमच्या बरोबरीचा भाव देऊन टाका." म्हटलं, त्याचं दुखणं तुला कशाला? तर म्हणे, "आज त्याले निम्मा. उद्या तुमी आमालेच म्हणसान, गनी निम्म्यात विणतो, तुमाले काय धाड भरली? मी त्याच्यासाठी नाही बोलून राहिलो, माह्यासाठी बोलून राहिलो."

माणूस किती संशयी असावा! मी एका निराधाराला आसरा दिला, त्यातही यांना डाव दिसतो.

११ फेब्रुवारी, सोमवार

आज खंडव्याला जायचं पक्कं होतं. सदरा धुऊन ठेवला होता. नेमकी नागपूरहून सुताची गाठोडी आली, ती कोण उतरवून घेणार? अजून अठरा दिवस आहेत.

गनीनं संध्याकाळी विचारलं, "भाऊ, हो आए?" म्हटलं, या आठवड्यात. "जी, भाऊ."

२१ फेब्रुवारी, गुरुवार

कमल सकाळी म्हणाली, "तो वाघांचा कागद अजून वहीतच आहे नं?" मी म्हटलं, तू वही उघडलीस? म्हणाली, "उघडायला कशाला पाहिजे, पुठ्ठा फुगलेला दिसतो. जाऊन या नं एकदाचे. हाजराबी रोज विहिरीवर विचारते, मी काय सांगू तिला?"

जाणारच आहे. पण एक गोष्ट इथं स्पष्ट लिहितो, कारण ही वही माझी आहे आणि इथं खोटं कोणाला सांगायचं. काल मनात आलं, अर्ज पडला की गनीला कागद मिळणार. कागद मिळाला की तो पुऱ्या भावाला बसणार, नाहीतर दुसऱ्याच्या मागावर जाणार. ऐन आखाजीच्या तोंडावर! तसा हा विचार फक्त आला आणि गेला. त्यामुळे मी थांबलो असं मुळीच नाही. सोमवारी जातो.

२५ फेब्रुवारी, सोमवार

आज सूर्यग्रहण. दुपारी वेध लागलेले असताना कोर्टकचेरीचं काम कोण करतं? अशा दिवशी पडलेल्या अर्जाला यश येत नसतं. गनीच्या भल्यासाठीच गेलो नाही.

कमल म्हणाली, "ग्रहण दुपारचं, गाडी सकाळची होती."

१ मार्च, शनिवार

काल मुदत संपली. मी घरीच होतो. रावेरचा व्यापारी जेवायला आला होता, त्याला सोडून कसा जाणार?

सकाळी गनी पडवीत उभाच होता. "भाऊ, अर्ज?" आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पडला रे बाबा, पडला. आता निश्चिंत विण." एकदा शब्द गेला तो गेला. गनीनं दोन्ही हातांनी माझा हात धरला. मग मागाच्या खड्ड्यात उतरला आणि धोटा चालू केला. दुपारी हाजराबीनं शेवयांची खीर पाठवली. कमलनं वाटी माझ्यापुढे ठेवली आणि स्वतः नाही खाल्ली.

खोटं म्हणण्यासारखं यात काय आहे? सांगितलं असतं तर माणूस बिथरला असता, पळून गेला असता, कुठंतरी पकडला गेला असता. इथं पडवीत सुरक्षित आहे. आखाजी होऊ दे, मग मी स्वतः साहेबाच्या पाया पडून उशिराचा अर्ज घालतो. ओळख असते ती कशासाठी?

२८ मार्च, शुक्रवार

तिसऱ्या मागावर नवा ताणा चढला. ताणा म्हणजे उभे धागे, एका ताण्यात चार लुगडी निघतात. चौथं आमच्या सुमनचं. ती सासरहून, जळगावहून, आखाजीला येणार. तिचं लुगडं हिरवं, लाल काठ, जाईची वेल. गनी म्हणाला, "बेटी का है, भाऊ, इसका भाव मत लगाना." चांगला आहे स्वभावानं. मी लावणार नव्हतोच.

ताणा चढवताना आमच्याकडे रीत आहे. विणकर पहिल्या धाग्याला हात लावतो, शेवटचं लुगडंही त्यानंच कापायचं. अर्धा ताणा टाकून कोणी उठत नाही. उठलाच तर त्या मागावर दुसरा बसत नाही, घरच्या माणसानं येऊन कापून द्यावा लागतो. बाबा तापानं फणफणले असतानाही ताणा पुरा करायला बसले होते, मला आठवतं.

६ एप्रिल, रविवार

आजचा दिवस सोन्याचा! संध्याकाळी चौकात वकिलांची सभा झाली. विषय परमिटवाल्यांचा. सध्या गावात दुसरं बोलणंच नाही. कोणी म्हणतं, मुदत संपून राहिलेले दोनशे आहेत, कोणी म्हणतं हजार. सिंधमधून आलेल्या निर्वासितांना काम नाही आणि हे निम्म्या भावात विणून भाव पाडतात. वकील छान बोलले. म्हणाले, जे देश सोडून गेले त्यांनी हक्कही सोडला, सरकारनं घराघरांत तपासणी करावी.

तेवढ्यात गर्दीतून भाईदास उठला. "वकीलसाहेब, एक विचारतो. निम्म्या भावात विणणारा कोणाच्या मागावर विणतो? माग काय त्यानं कराचीहून आणला? भाव सगळ्याले सारखा करून टाका, मग कोणाच्या पोटावर कोणाचा पाय पडत नाही. तपासणी करायची तर भावाची करा." मागवाले चारदोन जण टाळ्या वाजवू लागले. पुढच्या रांगेतल्यांनी आरडाओरडा करून त्याला बसवलं. सभा बिघडायला लागली.

मग वकिलांनी मला पुढे ढकललं. उभा राहिलो आणि शब्द आपोआप आले. म्हटलं, कायदा म्हणजे कायदा. इथं आपला-परका नाही. तपासणी झालीच पाहिजे, आणि मी शालिग्राम आज या चौकात सांगतो, सुरुवात माझ्या घरापासून करा!

काय टाळ्या! वकिलांनी पाठ थोपटली. म्हणाले, भाऊ, वॉर्ड तुमचा झाला.

घरी आलो तर कमल भाजी निवडत होती. तिला सगळं बोलणं चौकातल्या भोंग्यावरून ऐकू आलं होतं. म्हणाली, "तुमच्या घरापासून?" म्हटलं, अगं, सभेत बोलतात तसं बोललो. यादव हवालदार काय आपल्याला परका आहे? दर आखाजीला त्याच्या घरी लुगडं जातं. काही असलं तर आधी निरोप येईल.

७ एप्रिल, सोमवार

तरी सावधगिरी म्हणून गनीला म्हटलं, चार दिवस निंबोल्याला जा. तिथं कमलचा भाऊ चुडामण याची केळीची बाग आहे, बागेत खोपटं आहे. गनी चकित झाला. "ताना अधूरा छोड़ के? बेटी की साड़ी चढ़ी है, भाऊ." आणि मग हसत म्हणाला, "और मेरा तो अर्ज पड़ा है ना. मुझे क्या डर?"

मी म्हटलं, हो, हो, ते आहेच.

त्या वेळी सांगता आलं असतं. पण पडवीत सगळे माग चालू होते, भाईदास कान टवकारून बसलेला. चारचौघांत कसं सांगणार? मग दुपारी गनी भाकरीला घरी गेला. संध्याकाळी मला वकिलांकडे जायचं होतं.

१४ एप्रिल, सोमवार

आज नेलं.

सकाळी दहाच्या सुमारास यादव हवालदार आणि एक नवे फौजदार आले. महिनाभरापूर्वीच बदलून आलेत, तरुण आहेत, बोलायला अदबशीर. यादव माझ्याकडे पाहीना, जमिनीकडे पाहत उभा. फौजदार म्हणाले, "शालिग्रामजी, आपने सभा में मिसाल क़ायम की. सोचा, आप ही के घर से शुरू करें, ताकि कोई उँगली न उठाए." ते सरळ पडवीत गेले.

गनी खड्ड्यात कमरेपर्यंत. साहेबांनी नाव विचारलं, कागद मागितला. गनी चक्क हसला. म्हणाला, "साहब, मेरा अर्ज खंडवे में पड़ा है. परमिट भी वहीं जमा है. भाऊ से पूछिए."

सगळे माझ्याकडे पाहायला लागले. पाचही माग थांबले होते. भाईदास, साहेब, यादव, दारात कमल. आणि मी म्हणालो, "मला याच्या कागदाचं काही ठाऊक नाही. विणायला येतो, विणून जातो."

माझ्या कानांनी मी ते ऐकलं.

गनीनं माझ्याकडे पाहिलं. राग असता तर मला बरं वाटलं असतं. तो खूप वेळ पाहत राहिला आणि मग साहेबांना म्हणाला, "साहब, आधा गज बाक़ी है. काट के चलता हूँ." साहेब म्हणाले, वेळ नाही. त्यानं धोटा कापडावर ठेवला, हात पुसले, वर आला. जाताना कमलला म्हणाला, "भाभी, बेटी को बोलना, चाचा से देर हो गई." कमल पदर तोंडात कोंबून आत गेली.

हाजराबी गल्लीतून धावत आली तेव्हा गाडी निघायच्या बेतात होती. फौजदार तिला जे म्हणाले ते लिहून ठेवतो. परमिट दाखवता आलं तर मुदत उलटून राहिल्याचा गुन्हा, कोर्टात बाजू मांडता येईल, तिथल्या साहेबांना दया आली तर राहूही देतील. परमिट नाहीच निघालं तर चोरून आला असं धरतील आणि राजस्थानच्या बाजूनं सरहद्दीपलीकडे सोडून देतील. दहाबारा दिवस खंडव्याच्या जेलात ठेवतात, तेवढ्यात आणा.

परमिट इथं आहे. लिहिताना मनगटाखाली लागतंय.

१५ एप्रिल, मंगळवार

खबर कोणी दिली? मला भाईदासचा दाट संशय आहे. सभेतसुद्धा "कोणाच्या मागावर" म्हणून बोट माझ्याकडेच होतं. आज त्याला सुनावलं. तो धोटा ठेवून उठला आणि म्हणाला, "शेठ, मले त्याचा भाव वाढवायचा होता. त्याले धाडायचं असतं तर जानेवारीतच धाडला असता. त्याचा पत्ता चौकात भोंग्यावरून कोणी दिला, ते सगळ्या राजपुऱ्यानं ऐकलं." आणि बाकीचेही उठून बाहेर गेले, बिड्या ओढायला. तासभर कोणी आलं नाही.

१८ एप्रिल, शुक्रवार

हाजराबी आली. ओट्यावर बसली नाही, खाली उभी राहिली. "भाऊ, काग़ज़ आपके पास है ना? उन्होंने आपको दिया था, मेरे सामने दिया था."

मी म्हणालो, "खंडव्याला जमा केला मी. कचेरीतच असेल कुठंतरी. शोधायला सांगतो."

तिनं मान हलवली. परत जाताना पायरीवर एकदा अडखळली. मला वाटलं होतं, रडेल, ओरडेल. नाही.

मला कोणी समजून तर घ्या. परमिट पुढे केलं की पहिला प्रश्न येणार, हे तुमच्याकडे कसं? मग अर्ज का पडला नाही? मग निम्म्या भावात बिनकागदी माणूस ठेवला हे उघड होणार. वकिलांनी पुढच्या शनिवारी, २६ तारखेला, उमेदवारांची यादी काढायची ठरवलीय. फक्त शनिवारपर्यंत. मग सोमवारी मी स्वतः जाणार. बारा दिवस म्हणजे २६ तारीख होते, एकदोन दिवस इकडे तिकडे. सरकारी काम कधी वेळेवर झालंय?

२१ एप्रिल, सोमवार

तिसऱ्या मागावर कोणी बसेना. दुप्पट देतो म्हटलं. पाचव्या मागावरचा म्हातारा कानाला हात लावून म्हणाला, गनीचा ताणा आहे, गनी जिवंत आहे, मी कसा बसू? बरोबरच आहे त्याचं, पण सुमनचं लुगडं अर्ध्या गजासाठी अडून बसलंय.

शेवटी मीच खड्ड्यात उतरलो. बापजाद्यांचं काम, विसरेन कसा? चार बोटं विणलं असेल-नसेल, तोवर सात धागे तुटले आणि जाईच्या वेलीचा पार विचका झाला. उठायला गेलो तर गुडघे धरलेले. भाईदासनं हात दिला, वर ओढलं. मी विणलेलं मग गनीच्या धाग्यापर्यंत उसवून टाकलं.

२४ एप्रिल, गुरुवार

वकिलांकडे गेलो होतो. नाव पक्कं आहे. म्हणाले, परवा यादी निघेपर्यंत तुमच्या घरची ती भानगड पुन्हा तोंडावर येऊ देऊ नका. तुमची उलट कीर्ती झाली आहे, स्वतःच्या घरातला माणूससुद्धा कायद्याच्या हवाली केला म्हणून.

कीर्ती! ऐकून अंगावर काटा आला. पण नाही म्हणालो नाही.

जेवताना कमलनं विचारलं, "जेलात माणसाला काय खायला देतात?" मी म्हटलं, मला काय माहीत. तिनं माझं ताट उचललं, मी जेवत होतो तरी.

२६ एप्रिल, शनिवार, दुपार

कमल घरात नाही. चुलीवर भात झाकून ठेवलाय. शेजारची म्हणाली, पहाटेच हाजराबीबरोबर लालबागच्या बाजूनं जाताना पाहिली, स्टेशनाकडे. लग्न झाल्यापासून ही बाई एकटी गाडीत बसलेली नाही.

वही उघडली. खिसा रिकामा आहे. परमिटही नाही, अर्जही नाही.

आज यादी निघायची. मी घराबाहेर पाऊल टाकलेलं नाही.

तोच दिवस, दिवेलागण

आत्ता आली. धुळीनं माखलेली, पायात चप्पल नाही, एक वाटेत तुटली म्हणे. पाणी दिलं तर घेतलं नाही. मी विचारलं, आणि हे मी जसंच्या तसं लिहितो, कारण लिहिलं नाही तर उद्या मीच स्वतःला काहीतरी दुसरं सांगेन. मी पहिलं विचारलं ते गनीचं नव्हतं. मी विचारलं, "माझं नाव सांगितलंस?"

कमल म्हणाली, "काल दुपारच्या गाडीनं नेलं त्याला. अकरा जण होते. तिथल्या बाबूनं कागद उलटसुलट पाहिला. म्हणाला, बाई, हा काल सकाळी का नाही आणला? नुसता काल सकाळी!"

मी खाली बसलो.

"तुमचं नाव मी सांगणार होते," ती म्हणाली. "तोंडावर आलं होतं. हाजराबीनं माझा हात दाबला. बाबूला म्हणाली, कागद घरच्या पेटीत सापडला, मीच विसरले होते. बाहेर आल्यावर मी तिला म्हटलं, असं का गं? तर म्हणाली, भाऊंवर खटला झाला तर माग बंद होतील, मग पाच घरं काय खातील?" मग कमलनं पदराची गाठ सोडून परमिट काढलं आणि माझ्यासमोर या वहीवर ठेवलं. "घ्या. तुमचं आहे. सांभाळून ठेवा."

मला रडू आलं. ती आत निघून गेली होती.

वकिलांचा माणूस येऊन गेला. यादीत नाव आहे.

२७ एप्रिल, रविवार

आखाजी. सुमन सकाळच्या गाडीनं आली. पिशवी ठेवली आणि नेहमीसारखी आधी पडवीत गेली. लहानपणी गनीच्या खड्ड्याच्या काठावर बसून सुताच्या रिकाम्या कांड्यांशी खेळायची. तिथून हाक मारली, "बाबा, गनीचाचा कुठे आहे? माझं लुगडं असं अर्धं का?"

कमलनं तिला आत नेलं. काय सांगितलं मला ठाऊक नाही. जेवायला दोघी माझ्या पंगतीला बसल्या नाहीत. लेक दुपारपासून माझ्याशी बोललेली नाही.

२९ एप्रिल, मंगळवार

सकाळी हाजराबी आली. सरळ पडवीत गेली, चप्पल काढली, तिसऱ्या मागाच्या खड्ड्यात उतरली. मला माहीत नव्हतं तिला विणता येतं. भाईदास म्हणाला, "शेठ, तो कराचीत होता तवा साडेतीन वर्षं तिनं काय हवा खाल्ली? पलीकडच्या गल्लीत विणत होती." माझ्या गल्लीला लागून असलेली गोष्ट मला माहीत नाही.

तिनं अर्धा गज विणला. जाईची वेल गनीनं जिथं सोडली तिथूनच पुढे नेली. मग कात्री मागितली. सगळे विणकर उठून उभे राहिले. ताणा कापला. लुगड्याची घडी करून तिनं सुमनच्या हातात दिली. सुमननं ते उराशी धरलं आणि हाजराबीच्या गळ्यात पडून मोठ्यानं रडली. कमलही रडली. मी दारात उभा होतो, कुठं पाहावं कळेना.

मग ती म्हणाली, नवा ताणा चढवा, मी बसते. मला खरंच बरं वाटलं. म्हटलं, चला, काहीतरी मार्गाला लागलं. म्हणालो, "बस की, हाजराबी. तुझंच घर आहे. गनीला देत होतो तोच भाव देईन, एक पै कमी नाही."

तिनं मान वर केली. तिचा आवाज चढला नाही.

"भाऊ, वो बिना काग़ज़ का भाव था. मैं तो यहीं की हूँ. भाईदास को जो देते हो, वो दोगे."

चारही विणकरांचे हात मांडीवर. मी "हो" म्हणालो. दुसरं काय म्हणणार होतो?

ती परत धाग्यांकडे वळली. मला राहवलं नाही, विचारलं, "गनीला हे... त्याला माहीत होतं? अर्ज मी..."

"उनको पहले महीने से मालूम था, भाऊ," ती धागे सांधता सांधता म्हणाली. "बोले, भाऊ को मेरा काग़ज़ अपने पास रखने में फ़ायदा है. पर बोले, भाऊ आदमी बुरे नहीं, मुद्दत के पहले डाल देंगे. जब आपने कहा, पड़ गया, उस दिन घर आकर नमाज़ पढ़ी. बोले, देखा, मैं कहता था ना."

उद्या वकिलांकडे प्रचाराची बैठक आहे. जायचं की नाही, ठरलेलं नाही. परमिट या वहीच्या खिशात ठेवलंय. त्यावर खंडव्याच्या बाबूनं लाल शाईनं लिहिलंय, "इसम रवाना." खाली तारीख आहे, पंचवीस. चोवीस तारखेला मी वकिलांकडे बसून चहा प्यालो होतो.